बास वाढव ना बापा

"घंटाभर नुसत्या रेघा हालवून राहिला होता थो. म्या बास वाढवाले लावला तव्हा कुठी आवाज आला."

गेल्या आठवड्यात भर पंगतीत, पानात आलू-वांग्याच्या भाजीचा दुसरा डाव पडत असताना, गावातल्या एका काकाजींनी माझ्याबद्दल काढलेले हे उद्गार. पंगत हसली. वाढणारा पोट्टाही हसला, आणि हसण्याच्या नादात माझी बुंदी पुढच्याच्या पानात गेली. यातलं दुसरं वाक्य सपशेल खोटं आहे. पहिलं खरं आहे, आणि दुखणं तेच आहे.

प्रसंग राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा. समाजमंदिरात मंडळाचा लॅपटॉप, त्यातून एक पिन मशीनला, मशीनमधून वायर कडुलिंबावरच्या दोन भोंग्यांना. ॲम्प्लिफायरला आमच्याकडे मशीन म्हणतात. थ्रेशरलाही मशीनच म्हणतात, आणि काही कार्यक्रमांत कोणतं चालू आहे ते लांबून ओळखू येत नाही. मिक्सर नाही. मिक्सरसाठी वर्गणीचा विषय काढला की लोक कापसाच्या भावावर बोलायला लागतात. त्यामुळे आवाजाची सारी सुधारणा लॅपटॉपातच करायची, आणि त्यासाठी इक्वलायझर एपीओ नावाचं, आवाजातले जाड-बारीक भाग वेगवेगळे कमी-जास्त करणारं फुकटचं सॉफ्टवेअर आहे.

सॉफ्टवेअर गुणी आहे. ते विंडोजच्या आवाजाच्या वाटेतच बसतं, म्हणून भजन वाजो, व्हिडिओ वाजो की मधेच व्हॉट्सॲपचं टिंग वाजो, सारं त्याच्या हाताखालून जातं. त्याचं सगळं डोकं एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतं. सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, इक्वलायझर एपीओ, त्यात कॉन्फिग फोल्डर, त्यात कॉन्फिग डॉट टीएक्सटी. नोटपॅडात उघडायची, ओळ लिहायची, सेव्ह करायची. सेव्ह केल्याबरोबर फरक लागू. काही बंद करून चालू करायला नको. सुख इथपर्यंतच.

भोंग्यासाठी काय लिहायचं ते तसं ठरलेलं आहे. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा लहान तेवढा आवाज जाड, आणि तळाचा जाड आवाज म्हणजे बास. भोंगा साधारण ३०० हर्ट्झच्या खाली काही कामाचं देत नाही, तेव्हा तिथला आवाज आत जाऊच द्यायचा नाही: 'फिल्टर: ऑन एचपी एफसी २८० हर्ट्झ'. एचपी म्हणजे वरचं जाऊ दे, खालचं अडव. कानात दाभण घातल्यासारखा जो कर्कशपणा असतो तो बहुतेक अडीच हजाराच्या आसपास सापडतो: 'फिल्टर: ऑन पीके एफसी २५०० हर्ट्झ गेन -५ डीबी क्यू २'. पीके म्हणजे एफसीच्या जागी खड्डा किंवा उंचवटा, गेन म्हणजे तो किती डीबीचा (डीबी हे आवाजाच्या पातळीचं माप), क्यू म्हणजे खड्डा किती अरुंद. आकडा मोठा तेवढा खड्डा अरुंद. वर 'प्रीॲम्प: -३ डीबी', म्हणजे सगळाच आवाज थोडा खाली, फुटू नये इतकी मोकळी जागा राहावी म्हणून. फाइलीत हे सारं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायचं. मराठी आकडा घातला, कोलन विसरला, किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली ओळ चिकटवताना वजाच्या चिन्हाच्या जागी लांबडी रेघ आली, की ती ओळ लागत नाही. बरं, नोटपॅड यातलं काही सांगत नाही. आमच्या तलाठी कार्यालयातला अर्जसुद्धा परत येतो तरी. ही ओळ परतही येत नाही.

मी ओळी लिहायला बसलो आणि काकाजी येऊन शेजारच्या खुर्चीवर बसले.

काकाजींच्या हातात खर्र्याची पन्नी होती. दोन तळव्यांत पन्नी धरून ते ती एका लयीत घोटत होते, खसखस, खसखस. आवाज नीट ऐकायचा असला की घोटणं थांबायचं. निकाल लागला की पुन्हा सुरू. मी पहिली ओळ सेव्ह केली. घोटणं थांबलं. दोन श्वास. पुन्हा खसखस.

"बास कमी हाय."

"काकाजी, भोंग्यात बास नसतो."

"काहून नसते?"

आता इथे गप्प बसायला हवं होतं. पण मला समजावून सांगायची खोड आहे. म्हटलं, "साठ हर्ट्झची एक लाट हवेत जवळजवळ पावणेसहा मीटर लांब असते. भोंग्याचं तोंड बघा केवढं आहे ते."

काकाजींनी मान वळवून समाजमंदिराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नजर फिरवली. "म्हंजे एवढी?"

"हो, एवढी."

"भोंग्यातून मावत नाही म्हन."

"मावत नाही."

"मंग वाढवून पाह्य ना बापा. थोडीतरी निंघन."

याला काय उत्तर आहे? मी आकड्यांवर गेलो. म्हटलं, तुम्ही म्हणता तसा १२ डीबी बास वाढवला तर व्होल्टेज चौपट होतं आणि पॉवर सोळापट. आवाज तर बाहेर येणार नाही, पण आतला पडदा नुसता मागेपुढे आपटेल आणि भोंग्याचं युनिट उडेल.

"युनिट तं मागच्या साली बी उडलं," काकाजी म्हणाले. "तुह्या कम्प्युटरशिवाय उडलं."

खसखस, खसखस.

"माह्या भाच्याच्या ट्रॅक्टरवर डब्बा हाय. बारा इंची. धमधम छातीत वाजते. वावरातली डुकरं पयतात त्याच्यानं." एवढं बोलून त्यांनी स्क्रीनवरच्या रेघेकडे बोट केलं. नोटपॅडाशेजारी सॉफ्टवेअरच्या एडिटरमध्ये त्याच फाइलीचा आलेख उघडलेला होता. "हे रेघ खाली काहून गेली इथी?"

"तिथला आवाज कमी केला."

"लोकं आवाज वाढवाले मशीन आनतात. तू कमी कराले कम्प्युटर आनला."

खरं सांगतो, हे वाक्य मला त्याही वेळी आवडलं होतं. पण कौतुक करायची ती वेळ नव्हती. मी दुसरी ओळ लिहिली, सेव्ह केली, आणि मला चक्क फरक ऐकू आला. शब्दांवरचा चिखल धुतल्यासारखा वाटला. मी विजयाने काकाजींकडे बघितलं. घोटणं थांबलं होतं. ते ऐकत होते.

"काही नाही," ते म्हणाले. खसखस.

"काकाजी, याला कान तयार व्हावा लागतो."

हो, असं म्हणालो मी. सत्तरीच्या माणसाला. पुढचा तासभर मी २५०० चे २८०० केले, पाचाचे सहा केले, क्यू दोनाचा तीन केला, प्रत्येक वेळी मला सुधारणा ऐकू आली आणि प्रत्येक वेळी काकाजी म्हणाले, "काही नाही." मधे लाइन गेली आणि आली. बाया समाजमंदिर झाडून गेल्या. भोंग्यातून एक बारीक फर्र येत होती. तिला मी आता रेकॉर्डिंग जुनं आहे म्हणून नावं ठेवायला लागलो होतो.

मग काकाजींनी पन्नी बाजूला ठेवली. "खंजिरी कुठी गेली?"

"म्हणजे?"

"महाराजाचं भजन हाय आन् खंजिरी नाही? टाळ आयकू येते, खंजिरी नाही."

बरोबर होतं. त्या रेकॉर्डिंगमध्ये खंजिरी उजव्या बाजूला बसवली होती आणि मशीनकडे जाणाऱ्या वायरीत फक्त डावी बाजू जोडलेली होती. गावोगावी हेच असतं. मशीनला एकच तोंड, म्हणून पिनेतली एक तार जोडतात आणि दुसरी गुंडाळून ठेवतात. यालाही एका ओळीचा उपाय आहे: 'कॉपी: एल=०.५*एल+०.५*आर'. म्हणजे डाव्यात अर्धा डावा आणि अर्धा उजवा घाल. मी ओळ लिहिली. सेव्ह केलं.

खंजिरी आली नाही.

आणि मला घाम फुटला. कारण कर्कशपणा पाच डीबीने कमी झाला की नाही यात कान मनाला हवं ते सांगू शकतो. नसलेली खंजिरी तो वाजवू शकत नाही. मग मी ते केलं जे पहिल्याच मिनिटाला करायचं असतं, आणि ज्याला एवढं काही शिक्षण लागत नाही: 'प्रीॲम्प: -४० डीबी' लिहून सेव्ह केलं. भजन जवळजवळ गप्प व्हायला हवं. भजन तसंच, तेवढंच, कडुलिंबावरून चालू.

मी तासभर भलतीच फाइल सुधारत होतो.

घडलं ते असं. मंडळाचा लॅपटॉप सांभाळणारा पोट्टा भरतीच्या तयारीला अमरावतीला गेला. जाण्याआधी शहाणपणा म्हणून त्याने अख्खं कॉन्फिग फोल्डर डेस्कटॉपवर उतरवून ठेवलं. नाव तेच, आतल्या फाइलींची नावं तीच. मला ते समोर दिसलं, मी उघडलं. सॉफ्टवेअर बिचारं सी ड्राइव्हवरची आपली फाइल वाचत बसलं होतं.

ती खरी फाइल उघडली तेव्हा आत आणखी मौज. तिच्यात दोन 'इन्क्लूड' ओळी होत्या. इन्क्लूड म्हणजे दुसरी फाइल इथे आणून जोड. एक भजनाची, एक लग्नाची. दोन्ही चालू. लोकांना वाटतं नंतरची ओळ आधीचीला खोडते. खोडत नाही, भर पडते. दोन्ही फाइलींत प्रीॲम्प -६ होता, म्हणजे एकूण -१२. आवाज बारीक येतोय म्हणून कोणीतरी मशीनचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं, म्हणून मशीनची घुंही वाढलेली. आणि लग्नाच्या फाइलीत, कोणत्या तरी वरातीच्या पुण्याईने, १०० हर्ट्झच्या खाली सरसकट ९ डीबी बास वाढवलेला.

म्हणजे काकाजी तासभर ज्या बाससाठी माझा जीव खात होते, तो आधीच वाढवलेला होता. तो भोंग्यातून निघत नव्हता, नुसता युनिटला मारत होता. फर्र तीच. रेकॉर्डिंगची मी मनातल्या मनात माफी मागितली.

आता हे सगळं दोन मिनिटांचं काम होतं. लग्नाच्या ओळीपुढे # लावलं. हे चिन्ह ओळीच्या सुरुवातीला आलं की ती ओळ वाचली जात नाही, पुसायची गरज नाही, पुढच्या लग्नात काढता येतं. भजनाच्या फाइलीत २८० च्या खालचं कापलं, अडीच हजारावर खड्डा केला, कॉपीची ओळ घातली, प्रीॲम्प -३ वर आणला. मशीनचं बटण मागे घेतलं. सेव्ह.

खंजिरी खणखणत बाहेर आली. फर्र गेली. शब्द सुटे झाले. चौकातल्या पानठेल्यावरच्या दोघांनी मान वर करून कडुलिंबाकडे बघितलं.

काकाजींचं घोटणं थांबलं होतं. त्यांनी डोळे मिटले. मग पन्नीची गाठ सोडून खर्र्याची चिमूट तोंडात टाकली आणि गालाआडून म्हणाले, "हां. आता आला बास."

मी बास कापला होता! सारा! २८० च्या खाली काही ठेवलं नव्हतं! पण आधीच्या तासाभरानंतर कोणत्या तोंडाने सांगणार? "कान तयार व्हावा लागतो" हे वाक्य अजून तिथेच खुर्चीवर बसलेलं होतं.

पंगतीत पुढे काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलं. न सांगितलेलं एवढंच, की हशा ओसरल्यावर बारा इंची डब्ब्यासाठी वर्गणी तिथल्या तिथे जमायला लागली. मिक्सरला पैसे नाहीत. पिनेतली दुसरी तार जोडायला पैसे नाहीत. डब्ब्याला आहेत. बरं, डब्बा आला की त्याची तिसरी फाइल लागणार, आणि पिन ऐवजी कोणी ब्लूटूथ जोडलं तर ते विंडोजला वेगळंच उपकरण वाटणार. मग कॉन्फिग्युरेटर (नव्या आवृत्तीत डिव्हाइस सिलेक्टर), म्हणजे सॉफ्टवेअरची उपकरणांची यादी, उघडून त्या उपकरणापुढे टिक लावायची, लॅपटॉप बंद करून चालू करायचा. साउंडचा ड्रायव्हर अपडेट झाला की हीच टिक कधी कधी गळते, फाइल जागेवर असूनही काही लागत नाही, आणि लोक बिचाऱ्या फाइलीला दोष देत बसतात. शिवाय कोणीतरी हौसेने पीस नावाची बटणांची खिडकी घालणारच. ती आपली वेगळी फाइल लिहिते आणि मुख्य फाइलीत तिचंच इन्क्लूड बसवते. त्या फाइलीत हाताने काही लिहिलं तर पुढचं बटण फिरताच पुसलं जातं. दोघांपैकी एकानेच संसार करावा.

रात्री भांडी घासली जात असताना मी बसून सगळं लावलं. मुख्य फाइलीत फक्त तीन इन्क्लूड, प्रार्थना, भजन, लग्न, आणि एकाच वेळी एकच बिन # चं. विंडोजमध्ये फाइलींची शेपटं दिसतील अशी टिक लावली, नाहीतर नोटपॅडात नवी फाइल करताना कॉन्फिग डॉट टीएक्सटी डॉट टीएक्सटी तयार होते आणि दिसायला अगदी सोज्वळ दिसते. सगळ्याची एक प्रत झिप करून पेनड्राइव्हवर टाकली, नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादीत आपोआप क्रमाने बसतात. 'फायनल', 'फायनल नवी' आणि 'खरी फायनल' यांतली खरी कोणती हे शोधत बसावं लागत नाही. झिप अशासाठी, की चुकून कोणी उघडून तिच्यातच सुधारणा करत बसू नये. आणि डेस्कटॉपवरचं ते फोल्डर उडवलं. रिसायकल बिनमधूनसुद्धा.

परवा अमरावतीहून पोट्ट्याचा मेसेज आला. "जय गुरू दादा. डेस्कटॉपवर सेटिंगचं फोल्डर होतं ते कुठी गेलं? मी त्याच्यातच तर सगळं सेफ करून ठेवलं होतं. काही टेन्शन नका घेऊ, माह्या मोबाइलात हाय, पुन्हा टाकतो."