हूक सोडण्याआधी काय तपासलं?

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं लाँचर कोसळलं आणि वीस जण गेले. त्यानंतरची मराठी वाहिन्यांवरची चर्चा मी इथे अमेरिकेत बसून ऐकली. गुन्हा कुणावर दाखल झाला, मदत किती जाहीर झाली, रात्री काम का चालू होतं. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ ला भारतात चार कामगार संहिता (कामगारविषयक नवे कायदे) लागू झाल्या, तेव्हाही वाद फिरला तो शिक्षेभोवतीच. सुरक्षेतल्या कुचराईमुळे कामगाराचा जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. हे पुरेसं आहे का, यावर तावातावाने बोललं गेलं. बोलायलाच हवं. पण अपघाताच्या आधीच्या तासात कुणी काय बघायला हवं होतं, हा प्रश्न या चर्चांमध्ये मला क्वचितच ऐकू येतो.

माझं काम पोलादी इमारतींच्या उभारणीचं आहे, म्हणून हे जास्त खुपतं. इमारतीच्या आयुष्यातली सगळ्यात धोक्याची अवस्था म्हणजे अर्धवट उभा सांगाडा. डिझाइनच्या हिशोबात कॉलम, बीम, ब्रेसिंग (तिरके आधार) आणि स्लॅब एकमेकांना धरून असतात. पहिल्या दिवशी मात्र कॉलम एकटा असतो. खाली चार बोल्ट, बेस प्लेटखाली, म्हणजे कॉलमच्या बुडाच्या पोलादी पाटीखाली, ग्राउट (पोकळी भरणारं सिमेंटचं मिश्रण) अजून भरलेलं नाही, सगळा भार नटांवर. वारा सुटला किंवा क्रेनला लटकणारा बीम नुसता घासून गेला तरी तो कलू शकतो. नकाशात पूर्ण झालेली इमारत असते. आज दुपारी चार वाजता जे उभं आहे, ते बहुतेक वेळा कुठल्याच नकाशात नसतं.

इथले नियम नेमके या अवस्थेसाठी लिहिलेले आहेत. पोलाद उभारणीचे सध्याचे केंद्रीय नियम जानेवारी २००२ पासून लागू आहेत, आणि त्यांचा मसुदा कामगार संघटना, उभारणी करणारे ठेकेदार आणि सरकार यांनी एका टेबलाशी बसून घासून काढला. त्यामुळे त्यात उपदेश कमी आणि पाना हातात घेतलेल्या माणसाला कळेल असं जास्त आहे. पायाच्या काँक्रीटला ठरलेल्या ताकदीच्या ७५ टक्के किंवा भार पेलण्याइतकी ताकद आली आहे, असं मुख्य ठेकेदाराने चाचणीच्या आधारे लेखी दिल्याशिवाय उभारणी सुरू करायची नाही. प्रत्येक कॉलमला किमान चार अँकर बोल्ट, म्हणजे पायाच्या काँक्रीटमध्ये रोवलेले बोल्ट. कॉलमच्या माथ्याशी, बाहेरच्या कडेपासून १८ इंच दूर सुमारे १३६ किलो वजन टांगलं तरी तो तग धरेल असं त्याचं बूड हवं. म्हणजे हत्यारांसह एक माणूस वर लोंबकळला, असं समजा. बीमच्या प्रत्येक जोडाला किमान दोन बोल्ट, तेही पान्याने आवळलेले, असल्याशिवाय क्रेनचा हूक सोडायचा नाही.

यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा नियम अँकर बोल्टच्या दुरुस्तीचा आहे. काँक्रीट ओतताना बोल्ट हलतात, हे प्रत्येक साइटवर होतं. मग बेस प्लेट बसत नाही, क्रेन खोळंबते आणि कुणीतरी गॅस कटर आणतं. भोक वाढवायचं नाहीतर बोल्ट तापवून वाकवायचा. तापवलेल्या बोल्टची किती ताकद उरली हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. इथे अशा दुरुस्तीला मूळ स्ट्रक्चरल इंजिनिअरची मंजुरी लागते, आणि ती दुरुस्ती झाली आहे हे उभारणी करणाऱ्याला आधी लेखी कळवावं लागतं. जुळत नाही म्हणून जागेवरच केलेल्या दुरुस्तीची ही भीती कल्पनेतली नाही. १५ ऑक्टोबर १९७० ला मेलबर्नचा वेस्ट गेट पूल बांधकाम चालू असताना पडला आणि ३५ जण मेले. दोन अर्ध्या भागांची उंची जुळेना म्हणून वर काँक्रीटचे ठोकळे ठेवले, त्याने पत्र्याला फुगवटा आला, आणि तो काढायला जोडातले बोल्ट सोडवले. तिथे शिकलेल्या इंजिनिअरांची वानवा नव्हती.

आपल्याकडे अशा वेळी हमखास ऐकू येतं, की कामगार सुरक्षेचा बेल्टच लावत नाहीत. पण बेल्ट अडकवायचा कशाला? बीम एकाच बोल्टवर लटकत असेल तर त्याला बांधलेला माणूस बीमबरोबर खाली जाईल. आधी सांगाडा स्थिर, मग त्यावर लाइफलाइन (बेल्ट अडकवायचा दोर), मग बेल्ट. हा क्रम उलटा करून मेलेल्या माणसावरच दोष टाकणं मला सहन होत नाही.

अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये बांधकाम चालू असलेलं हॉटेल कोसळून तीन कामगार गेले. शिवाय बीम जोडणाऱ्या माणसाला १५ ते ३० फूट उंचीवर बेल्ट जवळ असला तरी अडकवायची सक्ती केंद्रीय नियमात नाही. वीस फुटांवरून पडून माणूस मरतो. ही सवलत मला चूकच वाटते.

‘तिकडे पैसा आहे’ हे उत्तर मात्र मी मान्य करणार नाही. दुसरा बोल्ट आवळायला पैसा लागत नाही. आणि भारतातही नियम नवे नाहीत: पोलादी बांधकामाच्या उभारणीसाठी सुरक्षा संहिता, आयएस ७२०५, १९७४ पासून आहे. अडतं ते पैसे कशाचे मिळतात यावर. आपल्याकडे उभारणीचा ठेका सहसा टनावर, म्हणजे उभारलेल्या पोलादाच्या वजनावर, दिला जातो. इथे आयर्नवर्करला, म्हणजे पोलाद उभारणाऱ्या कामगाराला, तासावर मजुरी मिळते, म्हणून ओळंबा बघण्यात गेलेला अर्धा तास त्याच्या खिशातून जात नाही. टनाच्या हिशोबात तोच अर्धा तास पोटठेकेदाराचं नुकसान असतो. तात्पुरत्या ब्रेसिंगचं, ताणाच्या दोरांचं वजन तर बहुधा बिलातच येत नाही. ज्याचे पैसे नाहीत ते सगळ्यात शेवटी लागतं आणि सगळ्यात आधी निघतं. त्या मुकादमाला लोभी ठरवून भागणार नाही, दरच तसा बांधलेला आहे.

म्हणून माझी मागणी निविदेपाशी आहे. सरकारी कामांच्या दरपत्रकात तात्पुरत्या स्थैर्याचं कलम स्वतंत्र हवं: दोर, ब्रेसिंग, टेकू आणि तपासणीचे तास. त्याचे अर्धे पैसे ते लागल्यावर द्यावेत आणि अर्धे इंजिनिअरच्या लेखी परवानगीने काढल्यावर. पायाच्या काँक्रीटचा चाचणी अहवाल जोडलेला नसेल तर उभारणीचं पहिलं बिल थांबवावं. आणि हूक सोडायला हो म्हणणाऱ्या माणसाचा पगार टनावर नसावा.