खुलासा : ‘न थांबणारे’ पक्षीही थांबतात

‘स्थलांतरी पक्षी अकरा-अकरा दिवस न थांबता उडतात, मग वाटेतली एखादी पाणथळ जागा बुजवली तर बिघडलं कुठे?’ असा मजकूर सध्या फिरतोय. माहिती खरी आहे, निष्कर्ष साफ चुकीचा.

2022 मध्ये गॉडविट या लांब चोचीच्या, किनाऱ्यावर राहणाऱ्या एका पक्ष्याने अलास्का ते टास्मानिया हे सुमारे 13,560 किमी अंतर 11 दिवसांत, एका दमात कापलं. वय जेमतेम पाच महिने! पण हा प्रवास दक्षिणेकडे जातानाचा. विणीसाठी उत्तरेला परतताना हेच पक्षी चीन आणि कोरियामधल्या पीत समुद्राच्या चिखलपट्ट्यांवर उतरतात आणि कित्येक आठवडे शिंपले, किडे खाऊन अंगावर चरबी चढवतात. पुढचा टप्पा त्या चरबीवरच पार पडतो. मजकूर लिहिणाऱ्याने नेमकी हीच बाजू गाळली आहे.

‘दुसरीकडे उतरतील की’ हेही खरं नाही. दक्षिण कोरियाच्या पीत समुद्र किनाऱ्यावरच्या सेमांगमची 33 किमी लांबीची समुद्रभिंत 2006 मध्ये सलग जोडली गेली आणि आतल्या चिखलपट्ट्या समुद्रापासून तुटल्या. तिथे उतरणारे हजारो ग्रेट नॉट (हाही स्थलांतरी किनारपक्षी) शेजारच्या खाड्यांत सामावले नाहीत. त्यांची एकूण संख्याच घसरली.