जोडलेलं आहे, इंटरनेट नाही

नवी आवृत्ती घेण्याआधी संगणक आपल्याला विचारतो, ही एक अंधश्रद्धा आहे. पडद्यावर दोनच बटणं असतात, 'आत्ता करा' आणि 'रात्री करा'. 'आहे त्यात मी सुखी आहे' हे बटण मी बरेच महिने शोधलं. शेवटी एका रात्री लॅपटॉपनं माझ्या वतीनं निर्णय घेऊन टाकला. सकाळी बघतो तर पडद्यावर कुठल्यातरी परदेशी डोंगराचं चित्र, चौकटींचे कोपरे गोल झालेले, रोजची बटणं नव्या जागी राहायला गेलेली, आणि मधोमध मजकूर: 'नमस्कार. सगळं तयार आहे.'

सगळं म्हणजे इंटरनेट सोडून सगळं.

वाय-फायच्या खुणेवर बाण नेला तर तिथं लिहिलेलं होतं, 'जोडलेलं आहे, इंटरनेट नाही'. हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला सहकार खात्यात मोठी जागा मिळायला हवी. तक्रार करायला त्यात फटच ठेवलेली नाही. जोडून द्या म्हणाल तर जोडलेलं आहे. इंटरनेट नाही म्हणाल तर तेच तर आम्ही म्हणतोय. संगणक हे ठरवतो तरी कसं, म्हणून पुढे वाचलं, तर समजलं की जोडणी झाली की तो आपल्या कंपनीच्या सर्व्हरवरून एक चिमुकली फाइल मागवून बघतो. आली तर इंटरनेट आहे, नाही आली तर नाही.

एरवी मी दोन दिवस गप्प बसलो असतो. पण मी डोंबिवलीतल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे (कुणीतरी व्हावं लागतं, आणि त्या सभेला मी पाच मिनिटं उशिरा पोहोचलो होतो), आणि सप्टेंबर अर्धा होत आला होता. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सभासदांना १४ पूर्ण दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ज्यांनी सभेला कधी तोंड दाखवलेलं नाही, ते सभासद हे १४ दिवस मात्र बोटांवर मोजतात. नोटीस, विषयपत्रिका, ऑडिट झालेले हिशेब, सगळं त्या लॅपटॉपमध्ये. विषयपत्रिकेत पाचवा विषय नेहमीचाच होता: ३०२ च्या बाथरूममधून २०२ च्या छतात होणारी गळती. २०२ वाले बादली दाखवतात. ३०२ मधले काका शांतपणे म्हणतात, "आमच्या बाजूनं सगळं कोरडं आहे." प्लंबर येतो, पाइप बघतो, पाइप चांगला आहे म्हणतो. पाणी गळतच असतं.

"नेट गेलंय का गं?" मी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

"माझं तर चालू आहे," बायको म्हणाली.

बिघाडाच्या वेळी माणसाला ऐकवता येण्यासारखं याहून निष्ठुर वाक्य मराठीत नसेल. एकच घर, एकच राऊटर, एकच बिल, ते बिलही मीच भरतो. तिच्या फोनवर उकडीच्या मोदकाला कळ्या कशा पाडायच्या याचा व्हिडिओ एकदाही न अडखळता चालला होता.

सोसायटीच्या ग्रुपवर मदत मागितली. तो मोह आवरायला हवा होता असं नाही म्हणत, पण उत्तरं आली ती अशी. एकानं राऊटर बंद करून चालू करायला सांगितलं. एकानं लॅपटॉप बंद करून चालू करायला सांगितलं. ४०४ मधल्या निवृत्त काकांनी, १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं आपल्या देशात इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं तेव्हा फोनच्या तारेतून जोडणी होताना कसा किर्रर्र आवाज यायचा, याचा व्हॉइस मेसेज पाठवला. आवाज त्यांनी स्वतः काढला होता. एकीनं गणपतीच्या वर्गणीचा हिशेब कधी मिळणार असं विचारलं. आणि आयटीत असलेल्या एका मुलानं 'अंकल, आयपी बघा' एवढंच लिहून अंग काढून घेतलं.

मी आयपी, म्हणजे जाळ्यातला लॅपटॉपचा पत्ता, बघितला. इथून पुढे माझं पाऊल घसरत गेलं.

राऊटरनं घरातल्या प्रत्येक यंत्राला एकेक पत्ता द्यायचा असतो. तो बहुधा १९२.१६८ नं सुरू होतो. हे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले आहेत, त्यामुळे आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांत राऊटर १९२.१६८.१.१ या एकाच पत्त्यावर सुखानं नांदतात आणि कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. माझ्या लॅपटॉपचा पत्ता मात्र १६९.२५४ नं सुरू होत होता. राऊटरनं पत्ता द्यायला तोंडच उघडलं नाही की संगणक वाट बघून कंटाळतो आणि त्या मालिकेतला एक पत्ता स्वतःच स्वतःला बहाल करतो. असा पत्ता दिसला की समजायचं, राऊटरच्या दृष्टीनं हा प्राणी अस्तित्वातच नाही.

त्या मुलाला कळवलं. तो म्हणाला, '१२७.०.०.१ पिंग करा.' पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून ओ येते का ते बघणं. केलं. क्षणार्धात उत्तर आलं! मी खुर्चीतून अर्धा उठलो. मग समजलं की तो पत्ता स्वतःचाच असतो. १२७ नं सुरू होणारे सगळेच्या सगळे, १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते, संगणकाला स्वतःशी बोलण्यासाठी राखून ठेवलेले आहेत. पत्ते देण्याच्या या जुन्या पद्धतीत जगभर मिळून पत्ते सुमारे ४२९ कोटी, ते संपले म्हणून केव्हाची ओरड, आणि त्यातले एवढे आत्मचिंतनाला. आमच्या ग्रुपमधले एक-दोन सभासद सोडले तर इतकं स्वतःशी बोलायची गरज कुणाला पडत असेल असं वाटत नाही.

हा पिंग नावाचा प्रोग्राम माइक म्यूस नावाच्या अमेरिकन संशोधकानं डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, तोही त्याच्या जाळ्यात काहीतरी चमत्कारिक बिघाड झाला म्हणून, एका संध्याकाळच्या बैठकीत. म्हणजे जोडणी का होत नाही म्हणून रात्री डोकं धरून बसायची परंपरा चांगली चाळीस वर्षांची आहे. फरक एवढाच की त्याच्या हातून पिंग झाला आणि माझ्या हातून चहाचा कप कीबोर्डवर कलंडता कलंडता राहिला.

दुसऱ्या एका सभासदानं डीएनएस बदलून ८.८.८.८ टाकायला सांगितलं. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सोय. पण ज्याला स्वतःचा पत्ता नाही त्यानं दुसऱ्याचा शोधून काय करायचं? तरी टाकून बघितला. माणूस हताश झाला की चार वेळा आठ टाइप करण्यातही समाधान असतं.

आता संशय ड्रायव्हरवर, म्हणजे संगणकाकडून एखादं उपकरण चालवून घेणाऱ्या प्रोग्रामवर, गेला. नवी आवृत्ती आली की वाय-फायच्या कार्डाचा जुना ड्रायव्हर तिच्याशी जमवून घेत नाही, हे खरोखर पुष्कळदा होतं. लॅपटॉपच्या आत जाऊन पाहिलं तर तिथं लिहिलेलं, 'हे उपकरण व्यवस्थित काम करत आहे'. शेजारी सल्ला: 'नवीन ड्रायव्हर इंटरनेटवर शोधा'.

शेवटी मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडला. निमूट जोडला गेला. इंटरनेट आलं, नोटीस सभासदांना गेली, वेळेत गेली. ड्रायव्हर निर्दोष सुटला.

"झालं ना मग काम?" बायकोनं विचारलं.

वास्तविक झालं होतं. पण बिघाड कशात आहे ते न कळता उठायचं, हे ज्याला जमतं तो संत. शिवाय हिशेबांची भली मोठी फाइल जायची होतीच. ती जोडायला घेतली आणि फोनवर संदेश आला, 'आपला आजचा डेटा संपला आहे'. लॅपटॉपला वाटलं होतं, फुकटचं वाय-फाय मिळालं. त्यानं पाठीमागे गुपचूप स्वतःसाठी आणखी सुधारणा उतरवून घ्यायला सुरुवात केली होती.

मग कंपनीला फोन लावला. यंत्राशी बोलणं झालं, गाणं ऐकून झालं, तेव्हा कुठे एक मुलगी बोलायला आली.

"सर, राऊटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागलाय का?"

"नाही. सगळे हिरवे आहेत."

"मग आमच्या बाजूनं सगळं ओके दाखवतंय, सर."

हे मी कुठेतरी ऐकलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे बादली आली.

"अहो, पण लॅपटॉपवर चालत नाही."

"मोबाइलवर चालतंय का, सर?"

"चालतंय."

"मग लॅपटॉपचा प्रॉब्लेम आहे."

"पण लॅपटॉप हॉटस्पॉटवर चालतोय."

पलीकडे थोडी शांतता. "माणूस पाठवते, सर. चोवीस तासांत."

रात्री मी 'नेटवर्क रीसेट' नावाचं बटण दाबलं. या बटणानं लॅपटॉप आजवर जोडलेली सगळी वाय-फाय विसरतो. सासुरवाडी, ऑफिस, कोकणातला लॉज, सगळं पुसलं जातं आणि मूळ दुखणं जिथल्या तिथं राहतं. घरचा पासवर्ड आता नव्यानं घालायचा होता. तो भिंतीवरच्या कॅलेंडरमागे लिहिलेला होता. कॅलेंडर गेल्या वर्षीचं. ते माळ्यावर.

माणूस दुसऱ्या दिवशी आला, पण गेटवर अडकला. पाहुण्याचं नाव यादीत नसेल तर फोनमधल्या अ‍ॅपवर परवानगी मागायची, ती आल्याशिवाय आत सोडायचं नाही, हा ठराव आमच्याच कमिटीचा. परवानगी माझ्या फोनवर यायची आणि माझा फोन डेटा संपल्यानं गारठलेला. हॉटस्पॉटच्या नादात त्याचं वाय-फायही बंद राहिलेलं. बऱ्याच वेळानं इंटरकॉम वाजला.

"साहेब, एक पोरगा इंटरनेटवाला आहे म्हणतोय. यादीत नाही. बॅगेत वायरी आहेत."

"अरे, सोड त्याला!"

पोरगा विशीतला होता. आधी जिन्यातला डबा उघडून त्यानं एकेक पिवळी वायर काढून पॉवर मीटरला लावून बघितली. "उणे १९ येतोय काका, एकदम भारी सिग्नल. आमच्या बाजूनं..."

"ओके आहे," मी वाक्य पुरं केलं. "आत ये."

आत येऊन त्यानं लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कार्डाचा नंबर बघितला. प्रत्येक कार्डाला कारखान्यातून बारा अंक-अक्षरांचा एक नंबर मिळतो, त्यातली पहिली सहा बनवणाऱ्या कंपनीची खूण. पोरानं दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवलं.

"काका, हा तुमचा खरा नंबर नाही. दुसरं अक्षर 'ई' आहे. दुसऱ्या जागी २, ६, ए नाही तर ई आलं की समजायचं, नंबर यंत्रानं स्वतः बनवलाय."

नव्या आवृत्तीनं 'खासगी पत्ता' नावाचं एक बटण आपणहून चालू केलं होतं. त्यामागचा हेतू चांगला आहे. मॉलमध्ये, विमानतळावर खऱ्या नंबरावरून तुमच्या हिंडण्याफिरण्याची नोंद ठेवता येते, म्हणून यंत्र प्रत्येक ठिकाणी वेगळा नंबर सांगतं. फोनमध्ये अशी सोय २०१४ पासून यायला लागली. आणि आमच्या राऊटरमध्ये, तो बसवायला आलेल्या कुणा उत्साही तंत्रज्ञानं, ओळखीच्या नंबरांची एक यादी घालून ठेवली होती. यादीबाहेरच्याला पासवर्ड बरोबर असला तरी पत्ता द्यायचा नाही.

"खाली वॉचमननं मला केलं ना," पोरगा म्हणाला, "तसंच."

त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. म्हणजे लॅपटॉप माझी गुप्तता राखत होता, राऊटर माझं घर राखत होता, कंपनीचा सिग्नल उणे १९ होता, आणि या सर्व सज्जनांनी मिळून मला वाळीत टाकलं होतं. मागच्या दिवाळीत मेव्हण्याचा फोन आमच्याकडे काही केल्या जोडला जाईना, तेही आता उलगडलं. त्यानं तेवढ्यावरून फोन बदलला होता. हे त्याला सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी तिथल्या तिथं ठरवलं.

पोरानं घरच्या वाय-फायपुरतं ते बटण बंद केलं. पत्ता आला, १९२.१६८ चा, खराखुरा. हिशेबांची फाइल गेली. पोरानं चहा घेतला, ओटीपी घेतला, "काका, फीडबॅकला पाच स्टार द्या" म्हणाला आणि जिन्यातला डबा बंद करून निघून गेला. लॅपटॉपनं लगेच विचारलं: 'आणखी एक सुधारणा उपलब्ध आहे. आत्ता करा, रात्री करा.'

मी त्यावर विचार करत असतानाच बेल वाजली. दारात ३०२ मधले काका.

"सेक्रेटरी, तो इंटरनेटवाला तुमच्याकडे आला होता ना? त्यानं डबा उघडल्यापासून आमचं नेट गेलंय. लाल दिवा लागलाय."

मी मागे वळून माझ्या राऊटरकडे नीट पाहिलं. सगळे दिवे हिरवे होते.

"काका," मी म्हणालो, "आमच्या बाजूनं सगळं कोरडं आहे."