भेसळीच्या वादात न येणारा प्रश्न

ठाण्यातल्या नातेवाइकांशी बोलताना दुधाचा विषय निघाला, की तबेल्याचे सुट्टे दूध चांगले की पिशवीचे, आणि भेसळ नेमकी कोण करतो, यावरच तास जातो. डेन्मार्कमधून हा वाद ऐकताना मला राहून राहून वाटते, की म्हशीच्या पोटातल्या जंतूंना कोणती औषधे लागू पडेनाशी झाली आहेत, हे कुणीच विचारत नाही.

दगडी (कासेचा दाह) झालेल्या म्हशीच्या सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली, की दुधात औषधाचा अंश उतरतो. ठरावीक दिवस ते दूध बाजूला काढले, तर तो प्रश्न मिटतो. प्रतिरोधाचे, म्हणजे जंतूंना औषध लागू न पडण्याचे, तसे नाही. दूध उकळले की साल्मोनेला आणि ई. कोलाय हे जंतू मरतात, हे खरे. पण शेणावाटे ते नाल्यात, भाजीच्या मळ्यात आणि धार काढणाऱ्याच्या हातांवर पोचतात, आणि प्रतिरोधाची जनुके प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या छोट्या तुकड्यावर बसून एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात. कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत औषध चालते की नाही, एवढेच दिसते. ई. कोलायचा सुमारे ५० लाख अक्षरांचा जनुकक्रम वाचला, तर प्रतिरोध कोणत्या जनुकामुळे आला आणि तबेल्यातला जंतू रुग्णालयातल्या जंतूच्या किती जवळचा आहे, हेही कळते.

इथे डेन्मार्कमध्ये मात्र नोंदी आधी आल्या, जनुकक्रम नंतर. प्रतिरोधावर देखरेख ठेवणारा डॅनमॅप हा कार्यक्रम १९९५ मध्ये सुरू झाला. पुढे २००० पासून कोणत्या गोठ्यात किती औषध गेले, हे व्हेटस्टॅट या राष्ट्रीय नोंदसंचात नोंदले जाऊ लागले. जनुकक्रमातून प्रतिरोधाची जनुके शोधणारे इथल्या तांत्रिक विद्यापीठाचे रेझफाइंडर हे सॉफ्टवेअर ठाण्यातल्या प्रयोगशाळेलाही फुकट वापरता येते. तेव्हा आपले घोडे सॉफ्टवेअरपाशी अडलेले नाही.

ते अडले आहे तबेल्यात. हरयाणा-गुजरातेतून आणलेली म्हैस आटली, की पुन्हा बाहेर जाते, आणि तिला कोणते इंजेक्शन कधी दिले, हे कुठेच लिहिलेले नसते. भारताने २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिन या माणसांवर शेवटचा उपाय म्हणून वापरायच्या प्रतिजैविकावर बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु कानातल्या १२ अंकी बिल्ल्याशी प्रत्येक उपचार जोडल्याशिवाय आणि तबेल्यांचे व पालिका रुग्णालयांचे नमुने एकाच यादीत आणल्याशिवाय जनुकक्रम वाचणारे महागडे यंत्र घेऊन काय साधणार? शिवाय नमुना दिला म्हणून दंड होणार नाही, तबेला हलवावा लागणार नाही, अशी लेखी हमी पालिकेने आधी द्यायला हवी, कारण तिच्याशिवाय कोणताही तबेलेवाला शेणाचा नमुना देणार नाही.