‘युरोपात बघा’ असे म्हणण्यापूर्वी

२०२५ च्या जुलैमध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांपैकी ११ महाराष्ट्रातील आणि बारावा तामिळनाडूतील जिंजी. तेव्हापासून आमच्या घरातील व्हॉट्सअॅप गटावर एकच वाद अधूनमधून पेट घेतो. माझ्या मावसभावाचे, म्हणजे दादाचे, रायगडाच्या पायथ्याशी पाचाडजवळ जेवणाचे छोटे हॉटेल आहे आणि त्याचे म्हणणे असे की, रायगड आता जगाच्या यादीत आला, तर तिथला राजवाडा जसा होता तसा पुन्हा उभा राहिलाच पाहिजे. नुसती जोती दाखवून जगाला काय सांगणार? या म्हणण्याचा मला राग येत नाही. राग येतो तो त्याच्या पुढच्या वाक्याचा: “युरोपात बघा, लोकांनी आपले किल्ले कसे नवेकोरे ठेवले आहेत.” आजवर पासपोर्टही न काढलेला माणूस हे वाक्य अशा ठसक्यात लिहितो की, इथे राहणाऱ्या मलाच आपण काही पाहिलेले नाही असे वाटू लागते.

हा निरोप आला त्या दिवशी मी जर्मनीतील हायडेलबर्गच्या राजवाड्यासमोर उभी होते. मी कार्ल्सरूहला बांधकाम अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकते. परीक्षा संपल्यामुळे आम्ही चौघे डॉइचलांड तिकिटावर (देशभरच्या लोकल वाहतुकीचा मासिक पास) एस-बानने, म्हणजे लोकल गाडीने, सकाळीच निघालो होतो: माझी तुर्की रूममेट, वॉर्साची एक मैत्रीण, ड्रेस्डेनचा एक वर्गमित्र आणि मी. अशा सहलींत कार्यक्रम ठरलेला असतो. कॉर्नमार्क्ट चौकातून बेर्गबानने, म्हणजे डोंगरी रेल्वेने, वर जायचे, राजवाडा पाहायचा, खाली उतरून जुन्या पुलावर फोटो काढायचे आणि संध्याकाळी नेकार नदीच्या काठच्या हिरवळीवर पाय पसरायचे.

दादाच्या युरोपातील या प्रसिद्ध राजवाड्याला निम्म्या भागावर छप्परच नाही. १६व्या शतकातील ऑटहाइनरिश वाड्याची दर्शनी भिंत मूर्तींसकट उभी आहे आणि तिच्या खिडक्यांतून पलीकडचे आकाश दिसते. एका बुरुजाची जाड भिंत सुरुंगाने सुटून एकाच तुकड्यात खंदकात घसरली, ती तिथेच पडून आहे; गेल्या ३०० वर्षांत कोणी ती उचलून जागेवर लावलेली नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या सैन्याने १६८९ च्या मार्चमध्ये हे शहर आणि हा राजवाडा जाळला आणि १६९३ मध्ये पुन्हा येऊन उरलेले बुरूज उडवले. १६८९ चा मार्च म्हटल्यावर मराठी माणसाला जे आठवते तेच मलाही आठवले. त्याच महिन्यात औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या केली आणि वर्ष संपण्यापूर्वी रायगड मोगलांच्या हाती गेला. हा योगायोग मी सोबत्यांना उत्साहाने सांगितला. रूममेटने तो शांतपणे ऐकून घेतला आणि ड्रेस्डेनच्या वर्गमित्राने लुईच्या सेनापतीचे, मेलाकचे, नाव या भागात पूर्वी कुत्र्यांना ठेवत असत ही माहिती त्यावर जोडली.

पुढचा इतिहास दादाने वाचावा म्हणून मी तिथेच बाकावर बसून गटावर लिहून काढला. डागडुजी चालू असताना १७६४ मध्ये राजवाड्यावर वीज कोसळली आणि पुनर्बांधणीचा विचार सोडून देण्यात आला. गावकरी घरे बांधण्यासाठी इथले दगड नेऊ लागले. ते थांबवले शार्ल द ग्रेमबेर नावाच्या एका फ्रेंच सरदाराने, म्हणजे ज्या देशाने हा राजवाडा उद्ध्वस्त केला त्याच देशातून आलेल्या माणसाने. तो १८१० मध्ये इथे आला, इथल्या अवशेषांची चित्रे काढू लागला आणि स्वखुशीने त्यांचा पहारेकरी झाला. १९व्या शतकाच्या अखेरीस मात्र राष्ट्राभिमानाच्या भरात हा राजवाडा पुन्हा उभारण्याची मागणी जोर धरू लागली. १८९१ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने जे आहे ते फक्त टिकवावे असा सल्ला दिला. तरीही कार्ल शेफर या वास्तुविशारदाने १८९७ ते १९०० या काळात फ्रीडरिश वाडा नव्याने सजवला, आणि ऑटहाइनरिश वाड्यावरही छप्पर चढवण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा कलेतिहासकार गेओर्ग डेहिओ यांनी १९०१ मध्ये एक पुस्तिका लिहून तिला कडाडून विरोध केला. जुन्या वास्तूचे जतन करावे, तिची कल्पनेने पुनर्निर्मिती करू नये, हा विचार जर्मनीत रुजवण्याचे मोठे श्रेय त्यांना जाते. आज ऑटहाइनरिश वाडा उघडाच आहे. फ्रीडरिश वाड्याच्या आतले दालन पाहताना मात्र ते १६०० चे नसून १९०० मधील माणसांना वाटलेले १६०० आहे हे माझ्यासारख्या नवख्या अभियंतीलाही कळते. (तळघरात १७५१ सालचे, सुमारे २ लाख २० हजार लिटरचे वाइनचे पिंप आहे आणि सगळी गर्दी तिथेच असते. लोक सगळीकडे सारखेच.)

दुपारी मारस्टालच्या मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेवायला गेलो. जुन्या शस्त्रागाराच्या त्या जाड भिंतींच्या आत विद्यार्थी ताटात नूडल्स वाढून घेऊन वजनकाट्यावर ठेवतात, हे मला फार आवडते. जुन्या वास्तूचा असा निवांत वापर आपल्याकडे का होत नाही, या माझ्या आवडत्या विषयावर मी बोलू लागले आणि बोलता बोलता दादाचा वादही सांगितला. टेबलावर सगळे माझ्या बाजूचे असतील अशी माझी अपेक्षा होती. वॉर्साच्या मैत्रिणीने काटा खाली ठेवला. १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी तिचे शहर ठरवून जमीनदोस्त केले, आणि युद्धानंतर तिच्या आजीच्या पिढीने विटांचे ढिगारे उपसून जुने शहर पुन्हा उभारले. ते उभारलेले शहरच १९८० मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. तिथला राजप्रासाद तर १९७१ नंतर बांधायला घेतला. “हे सगळे खोटे आहे, असे तू माझ्या आजीला सांगशील का?” असे तिने विचारले. वर्गमित्राने स्वतःच्या शहरातील फ्राउएनकिर्शेची आठवण दिली. बॉम्बवर्षावानंतर १९४५ मध्ये कोसळलेले हे चर्च पूर्व जर्मनीच्या काळात दगडांचा ढीग म्हणूनच राहिले आणि १९९४ ते २००५ या काळात, ढिगातला जो दगड वापरता येईल तो वापरून, पुन्हा बांधले गेले. जुने काळवंडलेले दगड नव्या फिकट दगडांमध्ये आजही वेगळे ओळखू येतात. शिवाय तुझे हे हायडेलबर्ग जागतिक यादीत नाहीच, असेही त्याने ऐकवले. ते खरे आहे, आणि गटावर लिहिताना हा तपशील मी गाळला होता.

तरीही माझा मुद्दा मी सोडलेला नाही, आणि तो का सोडलेला नाही हे सांगायला हवे. वॉर्साकडे मोजमापांचे नकाशे होते, छायाचित्रे होती, १८व्या शतकात बेलोत्तो या चित्रकाराने काढलेली बारकाव्यांची चित्रे होती, आणि ते शहर डोळ्यांनी पाहिलेली माणसे हयात होती. रायगडाच्या राजवाड्याबद्दल आपल्याकडे काय आहे? १६७४ च्या राज्याभिषेकाला आलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रजाची टिपणे आहेत, पण ती एका राजदूताची टिपणे आहेत, गवंड्याची नव्हेत. जगदीश्वराच्या मंदिराजवळचा हिरोजी इंदुलकरांचा शिलालेख आहे. त्यात विहिरी, तलाव, हत्तीशाळा आणि आकाशाला भिडणारे राजवाडे यांचे वर्णन आहे, उंचीचा आकडा नाही. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा डागल्या, त्या आगीत लाकडी बांधकाम जळून गेले. उरली ती जोती, नगारखान्याचा दरवाजा, गंगासागराकाठचे मनोरे आणि बाजारपेठेच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांचे ओटे. त्यावर आज जे उभे राहील ते चित्रपटाच्या सेटवरून सुचलेले असेल, आणि पुढच्या पिढीला मूळ कोणते हे सांगणारा काळा दगडही त्यात सापडणार नाही. टाक्यांतला गाळ काढणे, जोती मोकळी करणे, वाटा सुरक्षित करणे ही कामे झालीच पाहिजेत, आणि दगडांच्या सांध्यांत चुन्याऐवजी सिमेंट भरण्याचा मोह तर कुठल्याही गडावर टाळलाच पाहिजे. कारण त्याने पाणी भिंतीत अडकते आणि दगडच फुटू लागतो. हे मी संध्याकाळी हिरवळीवर बसून दादाला सविस्तर लिहिले. सोबत आईने पाठवलेला चिवडा होता, तो कधीच संपला होता, आणि आमच्या रिकाम्या बाटल्या एक म्हातारा विचारून पिशवीत भरत होता.

दादा हॉटेल बंद करून रात्री उशिराच मोबाइल हातात घेतो. त्याचे उत्तर दोन ओळींचे होते: तिकडे बसून शिकवू नकोस, गडावर आलेला माणूस मला रोज विचारतो की महाराजांचा राजवाडा कुठे आहे, आणि मला ओटे दाखवावे लागतात.

पहिल्या ओळीवर माझ्याकडे उत्तर तयार होते. याच गावातील विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर प्राध्यापक होते. खंडोबा, बिरोबा आणि म्हस्कोबा यांच्यासाठी ते धनगरांबरोबर माळरानांतून हिंडले, आणि १९९२ मध्ये ते गेले तरी आपल्या लोकदैवतांवर लिहिणाऱ्या कोणालाही त्यांचे काम टाळता येत नाही. त्यांना कोणी तिकडे बसून शिकवू नका असे म्हटले नाही, ग्रेमबेरलाही बाहेरचा म्हणून कोणी हाकलले नाही, मग मी का बोलू नये? हे सगळे टाइप केले आणि पाठवण्यापूर्वी माझ्याच लक्षात आले की, ही दोन्ही माणसे बाहेरून आत आली होती, तिथे राहिली होती. मी आतून बाहेर आले आहे, आणि दादाच्या दृष्टीने या दोन गोष्टींत फरक आहे. माझ्या गावी, रायगडाजवळच्या महाडला असताना रायगडाबद्दल मला फार काही म्हणायचे नसे. शाळेच्या सहलीत आम्ही रोपवेने वर गेलो, पिठले-भाकरी खाल्ली, टकमक टोकावरून ओरडलो आणि परत आलो. जोत्यांवर माझे प्रेम जडले ते इथे आल्यावर, लॅपटॉपच्या पडद्यावर. २०२१ च्या पुरात आमच्या घराचा तळमजला चिखलाने भरला, त्यानंतरचे महाड माझ्या ओळखीचे राहिलेले नाही. रस्ते बदलले, दुकाने बदलली, वर्गातल्या निम्म्या मुली पुण्या-मुंबईला गेल्या. गड तेवढा होता तसा राहावा असे मला वाटते, तेव्हा त्यात डेहिओ किती आणि माझी सोय किती, याचा हिशेब मला लागत नाही. दादाला तिथेच राहायचे आहे. रोज प्रश्न त्याला विचारले जातात आणि त्याचे पोट त्या उत्तरांवर चालते.

म्हणून ते उत्तर मी पुसले आणि परतीच्या गाडीत दुसरे लिहिले. प्रत्येक जोत्याजवळ एक फलक असावा. इथे काय होते, ते आपल्याला कशावरून कळले आणि काय कळलेले नाही हे त्यावर नीट छापलेले असावे, आणि ज्याला राजवाडा पाहायचाच आहे त्याच्यासाठी अंदाजाचे चित्र पायथ्याशी, पाचाडात, अंदाज म्हणूनच मांडलेले असावे. वाटेतले ब्रुखझाल स्टेशन मागे पडले तेव्हा दादाचे उत्तर आले. फलक मोठ्या अक्षरांत हवेत, लोक वाचत नाहीत, आणि सांगायला माणूस लागतोच, तेव्हा शिक्षण संपले की तू ये आणि उभी राहा, असे त्याने लिहिले होते. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी इथे १८ महिने राहता येते आणि तो अर्ज मी करणार आहे, हे त्याला आईकडून कळलेले आहे. त्याला काय उत्तर द्यावे हे अजून माझे ठरलेले नाही.