डिचोलीची चाचणी, हाम्बुर्गची चरफड

आमच्या शाळूसोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर एकच वाद चालू आहे. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेने नववी-दहावीला 'व्यवसायाचं इंग्रजी' या नावाखाली शब्दांची चाचणी सुरू केली. शंभर शब्दांची यादी आधी वाटायची, त्यांतले पन्नास पेपरात विचारायचे; डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, जोड्या लावा. एवढंच. त्यावर अर्धा ग्रुप म्हणतो, मातृभाषेच्या मुळावर आणखी एक घाव. उरलेला अर्धा म्हणतो, हे शब्द येत नाहीत म्हणूनच आपली पोरं कळंगुटच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये ताटं उचलतात. दोन्हीकडून तावातावाने लिहिणाऱ्यांत पेपर बघितलेला एकही नाही. मी बघितला. नववीतल्या भाचीने फोटो काढून पाठवला, खाली एक ओळ: 'मामा, हें तुका तरी येता काय पळय.'

येतं की. इन्व्हॉइस, क्वोटेशन, कन्साइनमेंट, डिस्पॅच, क्लेम. मी हाम्बुर्गला एका श्पेडिशनमध्ये, म्हणजे मालवाहतुकीच्या कंपनीत, आयातीच्या टेबलावर बसतो आणि दिवसभर याच शब्दांवर पोट भरतो. एका प्रश्नावर मात्र अडलो. 'ड्राफ्ट' या शब्दाला पेपरात एकच अर्थ बरोबर धरला होता: पत्राचा कच्चा मसुदा.

त्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे आजोबा खाणीवर नाहीतर बार्जवर होते. माझे बाबाही बार्जवर खलाशी. शिक्षण चौथी, तेही मराठी. सारमानसच्या जेटीवर खनिज भरायचं आणि मांडवीतून खाली मुरगावला न्यायचं. पावसाळ्यात आग्वादपाशी नदीचं मुख बार्जींना बंद झालं की कुंभारजुवेच्या कालव्यातून. ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बसलंय ते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अंगावर रंगवलेले आकडे आधी वाचायचे, भरल्यावर परत वाचायचे, आणि त्यावरून किती टन माल चढला याचा हिशेब काढायचा, हे त्यांनी मला जेटीवर उभं करून दाखवलं होतं. जहाज ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त खोळंबलं की दिवसागणिक डेमरेज चढतं, ते कोणाच्या बोडक्यावर बसतं आणि मग कोण कोणाला शिव्या घालतो, हेही आम्ही पोरं जेवताना ऐकायचो. शिवाय बँकेत जाऊन ते ड्राफ्ट काढायचे. म्हणजे एका शब्दाचे दोन अर्थ ज्याला रोजच्या व्यवहारात वापरता येत होते, तो माणूस या चाचणीत त्या प्रश्नाला शून्य.

माझी चिडचिड इथून सुरू होते. व्यवसायाचं इंग्रजी म्हणजे गोव्यात आता कुठून तरी नवीन आणायची वस्तू, असं दोन्ही बाजू धरून चालल्या आहेत. एकाला ती विषारी वाटते, दुसऱ्याला संजीवनी. अरे, ते आपल्या ओसरीवर बसलेलं होतं! टनेज, ट्रिपशीट, शिफ्ट, लोडिंग, ओव्हरटाइम. डिचोली, साखळी, पाळीपासून आमोणेपर्यंत हे शब्द कोकणीत मुरले होते, आणि कोणाची मातृभाषा त्यांनी बुडवली नव्हती. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं, 2018 मध्ये 88 लीज रद्द केली, बार्जी नदीत गंजत पडल्या. बापांचा रोजगार गेला तसे ते शब्दही पोरांच्या कानावरून गेले. आता त्याच घरातली पोरं ते शब्द झेरॉक्सच्या कागदावरून पाठ करताहेत.

माझ्या इकडचं सांगितलं की ग्रुपवर लगेच 'आली जर्मनी' असं येतं, म्हणून इथे सांगतो. आमच्या अत्सुबींना, म्हणजे कंपनीत काम करत धंदा शिकणाऱ्या पोरांना, बेरूफ्सशूलमध्ये (व्यवसायशाळेत) केएमकेची, म्हणजे जर्मन राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेची, इंग्रजीची परीक्षा देता येते. सक्ती नाही. 1998 पासून ही पद्धत आहे, आणि शिपिंगवाल्यांपासून हॉटेलवाल्यांपर्यंत ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे मजकूर असतो. जोड्या लावा नाही. वाचून-ऐकून समजणं, स्वतः लिहिणं, समोरच्याशी बोलणं, आणि चौथा भाग मध्यस्थीचा: जर्मन कागद हातात द्यायचा आणि त्यातलं कामाचं तेवढं इंग्रजीत सांगायला लावायचं, किंवा उलट. शब्दाला शब्द कोणी मागत नाही. शब्दकोशसुद्धा जवळ ठेवतात पोरं. माझ्याकडे मागे एक मुलगा होता, आबिटूरला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, इंग्रजीत भरघोस गुण मिळवलेला. त्याने न्हावा-शेवाच्या एजंटला तीन परिच्छेदांचा सुरेख मेल लिहिला आणि त्यात कंटेनरचा नंबरच नव्हता. त्याच्याच सोबतच्या मुलीचं इंग्रजी मोडकंतोडकं. तिने नंबर, तारीख, 'आत पाणी शिरलंय, फोटो जोडलाय, तुम्ही काय करणार' एवढंच लिहिलं. उत्तर त्याच दिवशी आलं. पैसे कोणामुळे वाचले?

आता कोणी म्हणेल, तुझे अत्सुबी सोळा-सतरापासून पुढचे, आमची पोरं चौदाची. असतील. पण डिचोलीतला चौदा वर्षांचा मुलगा आजच ही मध्यस्थी करत असतो. आजीच्या फोनवर बँकेचा इंग्रजी मेसेज आला की तो तिला कोकणीत सांगतो. शेजाऱ्याचं गॅस सिलिंडर आलं नाही की त्याची तक्रार हाच पोरगा इंग्रजीत टाइप करतो. शाळा हे कधी तपासत नाही, कारण हे घरचं काम.

शिवाय आपल्याकडची घडी जर्मनीहून चमत्कारिक आहे. मूल चौथीपर्यंत मराठीत नाहीतर कोकणीत शिकतं आणि पाचवीत एकदम सगळे विषय इंग्रजी. नववीपर्यंत ते प्रकाशसंश्लेषणावर इंग्रजीत पानभर लिहितं. त्याच मुलाला वीज खात्याला चार ओळी लिहायला सांगा, पेन थांबतं. जोड्या लावून ते पेन हलणार नाही.

याद्यांशी माझं वैर नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर आमच्या वर्गातला तो शिक्षक झालेला गडी लगेच मला धरेल. इंग्लंडच्या ओग्डेनने 1930 मध्ये 850 शब्दांचं 'बेसिक इंग्लिश' काढलं, आणि त्या 'बेसिक'मधलं एक अक्षर तर 'कमर्शियल'चंच होतं. 1953 मध्ये मायकेल वेस्टची सुमारे दोन हजार शब्दांची यादी आली, ती अजून लोक वापरतात. हा वेस्ट ढाक्यात शिक्षकांना शिकवायचा. बंगाली मुलं इंग्रजी वाचताना कुठे अडतात हे बघत बघत त्याचा शब्दांचा विचार पक्का झाला. म्हणजे यादीची हौस निव्वळ साहेबाच्या दिवाणखान्यातली नव्हे. पण त्याच विषयातले न्यूझीलंडचे पॉल नेशन सांगतात की शब्द येणं म्हणजे त्याचं रूप येणं, अर्थ येणं आणि वापर येणं. जोड्या लावा यात अर्थाचा एक कोपरा तपासला जातो, आणि तोही समोर दिलेल्या उत्तरांतून ओळखायचा. क्लेम कोण करतो, कोणाकडे करतो, किती दिवसांत, कोणते कागद जोडून, यातलं एकही त्या पन्नास गुणांत येत नाही.

आणि जपान. आपलं खनिज जिथे जायचं ते. नोकरीतल्या लोकांचं इंग्रजी मोजायला तिथल्या मागणीवरून 1979 मध्ये टोइक ही परीक्षा सुरू झाली: दोनशे प्रश्न, दोन तास, 10 ते 990 गुण, सगळं ऐकून-वाचून पर्याय निवडायचं. जपानी कंपन्यांनी त्या आकड्यावर बढत्या ठरवल्या. गुण वाढले, आणि उत्तम गुणांची माणसं परदेशी पाहुण्यासमोर मुकी बसायची ती बसायचीच. शेवटी 2006 मध्ये बोलण्या-लिहिण्याची वेगळी परीक्षा काढावी लागली. डिचोलीने 1979 पासून सुरुवात करायची काही गरज नाही.

मातृभाषेवाल्यांबद्दल मला जास्त प्रेम आहे, म्हणून त्यांचाच जास्त राग येतो. 2011 मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देऊ केलं तेव्हा मीही त्यांच्याच बाजूने होतो आणि अजून आहे. पहिलीतल्या पोराला त्याच्या भाषेत शिकवा, यात वाद काय? पण पहिलीतला वाद उचलून नववीत आणायचा कशाला? आणि ग्रुपवर सर्वांत उंच झेंडा धरणाऱ्याची दोन्ही मुलं पहिल्यापासून इंग्रजी शाळेत गेली, हे सगळ्यांना माहीत असून कोणी बोलत नाही. खरं तर मध्यस्थीचा पेपर ही त्यांच्याच हिताची गोष्ट. ज्या व्यवसायाच्या परीक्षेत मराठी-कोकणी येणाऱ्यालाच गुण मिळतील, तिला विरोध कसला करता? पंचायतीची मराठीतली नोटीस द्या, त्यातलं दिल्लीच्या कंत्राटदाराला काय कळवायचं ते इंग्रजीत लिहायला सांगा. पहिल्यापासून नुसत्या इंग्रजीत वाढलेलं पोर तिथे घाम पुसेल.

दुसऱ्या बाजूविषयी फार लिहावंसं वाटत नाही. शॅकमधल्या पोराला इंग्रजी येत नाही म्हणणाऱ्याने शॅकमध्ये कधी कान दिलेला नाही. मोरजीला तो पोरगा किंमत रशियनमध्येही सांगतो. ताटं तो उचलतो त्याची कारणं वेगळी आहेत, आणि त्यांतली बरीचशी मी वर खाणींच्या बाबतीत सांगून बसलो.

'तूं थंय बसून आमकां शिकोवं नाका.' हे मला लिहिणारा पणजीत वकील आहे. बरं. पण गावच्या जत्रेच्या वर्गणीत माझं नाव पहिल्या पाचांत असतं, तेव्हा थंय बसल्याची अडचण कोणाला होत नाही. शाळेच्या छपराचे पत्रे बदलले तेव्हाही नाही. छप्पर झालं की मी परदेशी. इथल्या गणपतीत उलटं. पुण्याची मंडळी प्रेमाने विचारतात, 'तुम्ही गोव्याचे, मग घरी कोकणी ना? मराठी कुठे शिकलात?' घरात कोकणी आणि पाटीवर मराठी, यात आमच्याकडे कोणाला कधी जड गेलं नाही, हे त्यांना दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. आणि मी सांगतोही, जरा जास्तच शुद्ध मराठीत.

लेक गिम्नाझियममध्ये आठवीत आहे. जर्मन, इंग्रजी आणि आता स्पॅनिश. आजीशी व्हिडिओवर ती इंग्रजीत बोलते, आजी कोकणीत उत्तर देते, आणि मध्ये मी. फायराबेंडला, म्हणजे काम सुटल्यावर, मी घरी उशिरा पोचलो की त्यांचं बोलणं 'जेवलीस?' 'येस' याच्यापुढे जात नाही. दोघी एकमेकींकडे बघून हसतात आणि फोन ठेवतात. त्यामुळे मध्यस्थीच्या पेपराचं माझं हे वेड सगळंच काही केएमकेकडून आलेलं नाही. भाची तीन भाषांत मला चिडवू शकते, माझी लेक तिला एकाच भाषेत उत्तर देते. डिचोलीतल्या त्या शाळेकडे जे आहे ते इथल्या शाळेला विकत आणता येणार नाही, आणि ती डिचोलीची शाळा ते पेपरातच घेत नाही, म्हणून मी रात्री अकरा वाजता फोन घेऊन बसतो आणि बायको दिवा मालवते.

हे सगळं मी शाळेच्या मुख्याध्यापकांनाही कळवलं, जरा नेमस्त शब्दांत. त्यांनी उत्तर दिलं, आणि ग्रुपवरच्या सगळ्या वादापेक्षा ते उत्तर बरं होतं. 'कल्पना चांगली आहे. पण जोड्या तपासायला मला एक तास लागतो. एका वर्गात चाळीस मुलं. तोंडी परीक्षा घ्यायला आणि चाळीस पत्रं तपासायला माणसं कुठून आणू?'

याला माझ्याकडे जर्मनीतलं उत्तर नाही; इथे वर्गात मुलंच कमी. डिचोलीतलं आहे. ग्रुपवर त्रेसष्ट जण आहेत. त्यांत बँकेतले आहेत, वकील आहेत, दोघे मुरगाव बंदरात आहेत, एकाचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि तो रोज जीएसटीची बिलं फाडतो. मुलांना जोडीजोडीने बसवलं तर चाळीस मुलांच्या वीस जोड्या. चार माणसं आली तर प्रत्येकाला पाच, म्हणजे एक शनिवार. पंचायतीची नोटीस, वीज बिल, मोडक्या मालाची तक्रार, कोकणीतून इंग्रजीत आणि परत. मी तसा निरोप ग्रुपवर टाकला आहे. महिनाभर खंड न पडलेल्या ग्रुपवर तेव्हापासून फक्त सुप्रभातची फुलं येताहेत. पाच जोड्या मी व्हिडिओवरून घेतो म्हणून कळवलंय. उन्हाळ्यात डिचोलीत दुपारचे साडेबारा म्हणजे इथे सकाळचे नऊ. अजून तीन माणसं हवीत, आणि वकिलाने शनिवारी कोर्ट नसतं हे कबूल केलेलं आहे.