फायलींचं पेव

सवड काढून सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं बघून या. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, वर माती, आणि तरी कुठलं पेव कुणाचं यात घोळ नाही. असली जुनाट शिस्त तुम्हाला परवडायची नाही. तुम्ही पीएचडी करताय.

समजा, विषयही पेवांचाच घेतलाय. पहिल्या प्रकरणाच्या फायलीचं नाव लिहायच्या आधीच 'फायनल' ठेवा. सरांचं लाल पेन फिरलं की 'फायनल नवीन', मग 'फायनल नवीन सरांचं', आणि रात्री दीड वाजता 'आता खरंच फायनल'. नावावरून आतला मजकूर कळता कामा नये, तुमची मनःस्थिती तेवढी कळावी.

सर म्हणतील, नावात तारीख टाका. ७/८/२०१९ टाइप करून बघा. विंडोजला नावात तिरकी रेघ चालत नाही. मग आडव्या रेघा द्या. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे २०१९-०८-०७ असं लिहिलं की फायली आपोआप काळाच्या क्रमानं लागतात म्हणे. मजा गेली की! तुम्ही दिवसच आधी लिहा. ०७-०८-२०१९ च्या खाली ०७-१२-२०१९ येईल, त्याच्याखाली ०८-०८-२०१९. म्हणजे २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी धोक्याच्या ४५ फुटांच्या पातळीवर असतं, पुढच्या ओळीत ओसरतं, आणि तिसऱ्या ओळीत पुन्हा चढलेलं. कृष्णामाईलाही हे कधी जमलं नाही.

फोटोंच्या पोटात फोननं काढल्याची तारीख-वेळ लिहून ठेवलेली असते. ते व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवा. तारीख झडते, फोटोही बारीक होतो. मग 'स्टोरेज फुल' आलं की मूळ फोटो पुसून टाका.

फोल्डरला नाव देण्याच्या भानगडीत तर पडूच नका. माझ्याकडे 'नवीन फोल्डर'मध्ये 'नवीन फोल्डर' आहे, त्यात 'नवीन फोल्डर (२)'. परवा मुलाखतीचं रेकॉर्डिंग शोधत तळापर्यंत उतरलो, तर हाती मेव्हण्याची लग्नपत्रिका. तीही प्रूफ न तपासलेली.

राहिली दुसरी प्रत. एकच पेन ड्राइव्ह घ्या आणि तो लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवा. गेले तर दोघं जोडीनं जातील. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून हळदीचं काय झालं, ते तुम्हीच तर तिसऱ्या प्रकरणात लिहिलंय. 'फायनल नवीन'मध्ये असेल बघा. नाहीतर 'सरांचं'मध्ये.